उघडणाऱ्या फळांची गोधडी

"आत्या, तुझं कारलं मगरीसारखं झालंय."

चारू उशीला टेकून बसली होती. मी नुकतंच कापलेलं हिरवं कारलं तिच्या मांडीवर होतं आणि शाळेतल्या बाई वही तपासतात तसा भाव तिच्या चेहऱ्यावर. डोक्यावरचे केस गेले होते, त्यामुळे कान मोठे दिसायचे.

"कारलं असंच असतं गं. काटेरी."

"काटेरी नसतं, खडबडीत असतं. काटे कोवळ्या काकडीला असतात." तिनं कापड उलटसुलट केलं. "आणि एवढं लांब शेपूट कशाला?"

शेजारच्या खाटेवर लेकराला भरवत बसलेली बाई खुदकन हसली. मी कात्री घेतली आणि निमूट शेपूट छाटलं.

चारू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दशरथची मुलगी. आठ वर्षांची. आमची वस्ती सासवडच्या पुढं. विहिरीच्या अंगाला अंजिराची झाडं, बांधानं सीताफळं आणि मधल्या पट्ट्यात जी त्या त्या दिवसांत येईल ती भाजी. लग्नानंतर तीन वर्षांतच मी माहेरी परत आले ती कायमची, आणि तेव्हापासून गोधड्या शिवत होते. बायका जुनी लुगडी घेऊन यायच्या. मी त्यांचे चौकोन जोडायचे, त्रिकोण जोडायचे, खाली थर घालायचे आणि धावदोऱ्यानं भरून द्यायचे. चौकोन आणि त्रिकोण यांच्यापलीकडे माझी अक्कल कधी गेली नव्हती.

त्या संक्रांतीला चारूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अंगावर निळे डाग उठले. आठवड्याच्या आत आम्ही पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात होतो. रक्ताचा कर्करोग निघाला. दशरथला मळा सोडून राहता येईना, म्हणून चारूची आई मंदा आणि मी अशा दोघी तिच्यापाशी राहू लागलो. जवळच एका ओळखीच्या बाईंनी आम्हाला खोली दिली होती. एक जण तिथं स्वयंपाक करायची, एक जण खाटेपाशी बसायची.

स्वयंपाक म्हणजे तरी काय? पथ्य कडक होतं. तिच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद औषधांनी पार उतरली होती. त्यामुळे सगळं कुकरमधून शिजवून काढलेलं आणि गरम गरम. कच्चं काहीही चालायचं नाही. फळ नाही, काकडी नाही, वरून भुरभुरलेली कोथिंबीरसुद्धा नाही. जिनं चालायला शिकल्यापासून झाडाखाली बसून पोट भरलं, त्या पोरीला रोज मऊ भात आणि उकडलेला बटाटा.

चौथ्या दिवशी तिनं ताट ढकललं. "मला पेरू पाहिजे."

"नाही चालत राजा."

"मग मला काहीच नको."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. माझ्या पिशवीत चिंध्या होत्या. हात रिकामे राहिले की मला सुचत नाही, म्हणून बरोबर आणलेल्या. त्यातला पोपटी तुकडा काढून मी पेरू कापला, देठ लावला आणि तिच्या उशीवर ठेवला. तिनं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं नाही. मग हळूच उचलून मला विचारलं, "आतून पांढरा आहे का गुलाबी?"

आतून! माझ्या पेरूला आत नव्हतंच.

मग मी दुसरा तुकडा घेतला, फिका गुलाबी. तो खाली घातला आणि पोपटी साल त्याच्यावर फक्त एका बाजूनं टाचली. साल उचलली की आत गर, गरात बारीक टाक्यांच्या बिया. चारूनं साल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग उठून बसली आणि अर्धा भात खाल्ला.

अशी त्या गोधडीची सुरुवात झाली. त्यानंतर रोज एक फळ, नाहीतर भाजी. सिस्टरांनी एकच अट घातली, कापडाचा प्रत्येक तुकडा पाण्यात उकळून आणि इस्त्री करून आणायचा. मी कुकर उतरवला की त्याच शेगडीवर चिंध्या उकळायचे. डाळिंबाचे दाणे मी लाल रेशमाच्या गाठींनी भरले, भेंडी कापून तिची चाकी दाखवली, वांग्याच्या आत चारूच्या हुकमावरून एक अळीसुद्धा घातली. "आपल्या वांग्यात असते," ती म्हणाली, "बाजारातल्या वांग्यात नसते."

मांडणीवरून मात्र आमची भांडणं झाली. मी सवयीप्रमाणे ओळी धरल्या, सहा आडव्या, आठ उभ्या. चारूनं बोटानं सगळ्या सरकवून टाकल्या.

"हा आपला मळा आहे ना? मग विहीर इथं. अंजिरं इथं. सीताफळं कडेनं. आणि भोपळा ओळीत राहतो का कधी? तो कुठंही जातो."

म्हणून भोपळ्याचा वेल त्या गोधडीवर कुठंही गेला. वांग्यांतून, टोमॅटोंतून, पार काठापर्यंत. चाळीस वर्षांच्या माझ्या हाताला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कापडाला ओळीबाहेर जाता येतं.

मंदाला हे अजिबात पटलं नव्हतं. ती अबोल बाई, कामाला वाघ. तिनं त्या गोधडीला बोटसुद्धा लावलं नाही. एकदा नळावर भांडी घासताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वन्सं, जे पोरीला मिळायचं नाही ते तिला रोज कशाला दाखवता?"

"अगं, तेवढाच तिचा वेळ जातो."

"रात्री झोपेत ओठ हलवते ती. चघळल्यासारखे. तुम्ही खोलीवर असता, तुम्हाला दिसत नाही."

पण दुसऱ्या दिवशी चारूनं दोडका मागितला आणि मी दोडका कापला.

मार्चमध्ये दशरथ अंजिरांची पाटी घेऊन आला. मळ्यातला मोसम भरात होता. डॉक्टर आणि सिस्टर लोकांना द्यायला त्यानं पाटी आणली होती, वर अंजिराचीच पानं झाकून. त्यानं ती दाराबाहेर ठेवली, तरी वास आत आला. चारूनं मान वळवली.

"बाबा अंजिरं घेऊन आलेत."

"डॉक्टरांना दिलीत."

"आत्या, एक."

"नाही गं."

"अर्धं. साल काढून. धुऊन." तिनं माझा हात धरला. तिची बोटं सुयांनी काळीनिळी झाली होती. "मी कुण्णाला सांगणार नाही. आईला पण नाही."

मंदा खोलीवर गेली होती, दशरथ डॉक्टरांना शोधायला. सिस्टर पलीकडच्या टोकाला होत्या. पाटी दाराबाहेर, दहा पावलांवर. मी उठलेसुद्धा. आणि पुन्हा बसले.

"बरी झालीस की झाडावर बसून खा. हवी तेवढी," मी म्हणाले.

तिनं हात सोडला. रडली नाही. त्या दिवशी मी तिला सगळ्यांत सुंदर अंजीर करून दिलं. बाहेर जांभळी साल, आत लालभडक गर आणि त्यात दीडशे-पावणेदोनशे बारीक गाठी. तिनं एकदा साल उचलून बघितली आणि बाजूला ठेवलं.

तीनचार दिवसांनी तिला ताप चढला. एकशे चार. तिला वेगळ्या खोलीत हलवलं, नऊ दिवस आम्हाला काचेतूनच बघू दिलं. त्यातून ती निघाली. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण निघाली, आणि मी मनात म्हटलं, बरं झालं आपण अंजीर दिलं नाही. नाहीतर आयुष्यभर स्वतःला दोष देत बसलो असतो.

उन्हाळा गेला. आषाढ गेला. औषधं बदलली, मोठमोठी नावं कानावर पडत राहिली. गोधडीचा वरचा भाग भरत आला. कडेची सीताफळं तेवढी राहिली होती, कारण ती काही केल्या जमेनात. चारूचं म्हणणं, सीताफळाचे डोळे वर आले पाहिजेत. मी एकेका डोळ्यात कापूस भरून बघितला, खालून दोरा ओढून बघितला. ती बघायची आणि मान हलवायची.

श्रावणातल्या एका सकाळी मी डबा घेऊन वर आले, तर तरुण डॉक्टर दारातून बाहेर पडत होते. मला बघून थांबले. "आत्या ना तुम्ही? आता पथ्य नको. तिला जे आवडतं ते खाऊ दे."

"फळंसुद्धा?"

"सगळं," ते म्हणाले आणि घाईनं निघून गेले.

मला काय वाटलं म्हणून सांगू! डबा तिथंच बाकावर ठेवून मी आत धावले. मंदा खिडकीशी पाठमोरी उभी होती, चारूचे कपडे घडी घालत.

"मंदा, ऐकलंस का? पथ्य सुटलं!"

"ऐकलं," ती म्हणाली. वळली नाही. मला वाटलं, आनंदानं डोळ्यांत पाणी आलं असेल.

"चारू, बोल, काय काय आणू?"

चारूचा आवाज तेव्हा बारीक झाला होता. "पेरू. मीठ लावून. काकडी. चिकू. सीताफळ."

"आणि अंजीर?"

तिनं आईच्या पाठीकडे बघितलं. "अंजीर नको."

मार्चमधल्या त्या अंजिरावरून ती रुसलीय अजून, असंच मला वाटलं. तसाही अंजिराचा मोसम कधीच संपला होता.

मी मंडईत गेले. किती दिवसांनी त्या फळांच्या वासात उभी राहिले! एकेक फळ हातात घेऊन, दाबून, हुंगून घेतलं. सीताफळवालीला म्हटलं, "डोळे उघडलेलं दे बाई, आजच खायचंय. भाची बरी झाली माझी." तिनं पाटीतलं सगळ्यांत मोठं सीताफळ काढून माझ्या पिशवीत वरून टाकलं. म्हणाली, "हे माझ्याकडनं, पोरीला."

दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी जिना चढत होते. वरच्या वळणावर मंदा बसली होती, पायरीवर, पदर तोंडात धरून. दशरथ भिंतीला डोकं टेकून उभा होता. त्याला सकाळीच बोलावून घेतलं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

"काय झालं?"

मंदानं पदर सोडला. "वन्सं, औषधं लागू पडत नाहीत. बंद केलीत. म्हणून पथ्य सुटलंय."

पिशवी हातातून सुटली. एक पेरू गडगडत खाली गेला. मी मटकन बसणार, तर मंदानं उठून माझे दंड धरले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या अंगाला हात लावला असेल.

"बसू नका. रडू नका. तुम्ही खूश होऊन गेलात हे तिनं बघितलंय. तशाच आत जा. मला जमायचं नाही. तुम्हाला जमेल."

दशरथनं खाली जाऊन पेरू उचलून आणला. मी पदरानं तोंड पुसलं आणि हसत आत गेले. कशी गेले, ते मला आजही सांगता येणार नाही.

चारूनं पेरूची एक फोड चोखली. काकडीचा तुकडा दातांनी कुरतडला. सीताफळ मी तिच्यासमोर फोडलं. तिनं त्याचे दोन डोळे खाल्ले, तिसरा तोंडात धरून ठेवला आणि बी तळहातावर काढली.

"बघ. चकाकते. तू सुती दोऱ्यानं करणार होतीस ना? नको करू."

"बरं. रेशीम घेते."

"आणि कापूस नको भरू डोळ्यांत. दोन कापडं घे, मधे चुण्या दे. तेव्हा तसं दिसेल."

त्या दुपारी मी चुण्या देऊन सीताफळ केलं. पहिल्यांदाच जमलं. तिनं बोट फिरवून बघितलं आणि मान डोलावली. पाचव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ती गेली. मंदाच्या मांडीवर.

गोधडी माझ्याकडे राहिली. मंदानं कधी मागितली नाही, मी कधी दाखवली नाही. वर्षभर मी सुई हातात धरली नाही. पुढं एका बाईंनी ती माझ्या पेटीत बघितली आणि म्हणाल्या, असली मला एक करून द्या. मग दुसरीनं मागितली. हळूहळू वस्तीवरच्या बायका शिकायला येऊ लागल्या. उघडणाऱ्या फळांच्या गोधड्या म्हणून पुण्यापर्यंत नाव झालं. पेरू, डाळिंब, वांगी, पपई, सगळं आम्ही करायचो. मंदा मळ्याचं बघायची, दुपारी आम्हाला चहा आणून द्यायची, पण शिवायला कधी बसली नाही. तिला पुढं मूल झालं नाही. दशरथशीही ती कामापुरतंच बोलायची. आम्ही म्हणायचो, दुःखानं मुकी झाली.

चारू जाऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, प्रदर्शनासाठी माल निवडायला. सगळं बघून म्हणाल्या, "वत्सलाबाई, तुमच्या भागाचं अंजीर एवढं नावाजलेलं, आणि तुमच्या एकाही गोधडीवर अंजीर कसं नाही?"

"अंजीर मी करत नाही," मी म्हणाले.

त्या गेल्या. मंदा चहाचे कप गोळा करत होती. कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"का करत नाही, वन्सं?"

अकरा वर्षं मी हे कुणाला बोलले नव्हते. तिलाच काय, स्वतःशीसुद्धा मोठ्यानं नाही. पण तिनं विचारलं आणि मला थांबवता आलं नाही. पाटी, दहा पावलं, धरलेला हात, सगळं सांगितलं. "वाचणार नव्हतीच ती, मंदा. मग एक अंजीर दिलं असतं तर काय बिघडलं असतं? एवढंसं मागितलं तिनं आणि मी नाही म्हटलं. शेवटी आणू का विचारलं, तर म्हणाली, अंजीर नको. माझ्यावर रुसूनच गेली पोर."

मंदानं कप खाली ठेवले. एक कप आडवा झाला, तिनं सरळ केला नाही.

"मी दिलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अंजीर. त्याच संध्याकाळी. तुम्ही खोलीवर गेल्यावर. तिनं मला पण मागितलं. मी पाटीतली दोन काढली, उकळलेल्या पाण्यानं धुतली आणि पदराआड धरून दिली." ती भिंतीकडे बघत बोलत होती, धडा म्हणावा तसं. "तीन दिवसांनी ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? मी नाही म्हणाले. ती माझ्याकडे बघत होती, ती पण नाही म्हणाली. कुणालाच नाही सांगितलं तिनं. शेवटपर्यंत."

मी समोरचं कापड बाजूला सारलं.

"तुम्ही सांभाळलीत, वन्सं. मी मारली. अकरा वर्षं तुमच्या तोंडाकडे बघून मला हेच वाटतं."

मला रडू फुटलं. पण ते कशाचं होतं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या पोरीनं अंजीर खाल्लं होतं. एक नाही, दोन. अकरा वर्षं माझ्या छातीवर बसलेलं ओझं ज्या शब्दांनी उतरत होतं, त्याच शब्दांनी ही बाई रोज मरत आली होती.

"वेडे," मी म्हणाले, "त्या मजल्यावर प्रत्येक पोराला ताप येत होता. ज्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही त्यांनासुद्धा. आणि त्यातनं उठली ना ती? औषधंच लागू पडली नाहीत पुढं. श्रावणात गेली गं ती, मार्चमध्ये नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही."

बाहेर कुणीतरी मोटर चालू केली, पाटाला पाणी सुटल्याचा आवाज येत राहिला. मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"कसं खाल्लं तिनं, मंदा?"

मंदानं पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. अकरा वर्षांत तिनं त्या संध्याकाळनंतरचंच फक्त आठवलं होतं, ताप आणि काच. त्या संध्याकाळचं कुणी तिला विचारलंच नव्हतं. कोण विचारणार?

"डोळे मिटून," ती हळूहळू म्हणाली. "पहिलं एका घासात. दुसरं पुरवून पुरवून. सालीसकट. बोटं चाटली. मी म्हटलं, पुरे आता, तर देठ पण चोखला. आणि म्हणाली, आई, आत्याचं अंजीर आतून फार लाल आहे. खरं एवढं लाल नसतं. पण तिला सांगू नको, तिनं खूप गाठी मारल्यात."

आम्ही दोघी बसून राहिलो. रडलो किती आणि कधी थांबलो, ते ध्यानात नाही. मावळतीचं ऊन ओटीवर आलं तेव्हा मंदा उठली आणि चिंध्यांच्या गाठोड्यापाशी जाऊन बसली. तिनं गाठ सोडली, एक लाल तुकडा काढून बाजूला टाकला. दुसरा काढला, गुलाबी, उजेडात धरला, तोही टाकला. बराच वेळ ती उचकत होती. मग कुठल्यातरी जुन्या लुगड्याचा विटका, मातकट तांबूस तुकडा तिनं माझ्यासमोर ठेवला.

"हा घ्या," ती म्हणाली. "आणि मला दोरा ओवून द्या."